एर्टिगाचा डावा ब्रेक लाइट लागत नाही, पण रात्री तोच दिवा पेटतो. बल्ब घरी बदलता येईल का?

सातसीटरवाली (ठाटीपूर, ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. गाडी एर्टिगा, २०१४ची, पेट्रोल. परवा फूलबागेच्या सिग्नलला एका स्कूटरवाल्याने काचेवर टकटक केलं आणि सांगून गेला, "बहनजी, आपका लेफ्ट वाला ब्रेक लाइट नहीं जल रहा." घरी आल्यावर मुलाला मागे उभं केलं आणि पेडल दाबून बघितलं. खरंच की. उजवा लागतो, वरचा तिसरा लागतो, डावा नाही.

गोंधळ पुढे आहे. संध्याकाळी हेडलाइट लावले की तोच डावा दिवा छान लाल पेटतो. म्हणजे बल्ब चांगला आहे ना? मग ब्रेकवर पाय ठेवला की त्याला काय होतं?

एका गॅरेजवाल्याने दिवा न उघडताच सांगितलं की पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, "अंदर से जल गया है". त्याने सांगितलेला आकडा ऐकला आणि मी गाडी वळवली. मिस्टर नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात, त्यामुळे गाडीचं सगळं माझ्याकडेच. रविवारी पहाटे सासूबाई आणि दोन्ही मुलांना घेऊन आग्र्याला जायचंय, नणंदेकडे बारसं आहे. मुरैनाच्या पुढे या दिवसांत पहाटेचं धुकं कसं असतं ते इथल्यांना सांगायला नको.

घरात सासऱ्यांची अवजारांची पेटी आहे. त्यात चार-पाच पेचकस, पक्कड, पान्हे, एक जुना मल्टिमीटर (चालतो की नाही देव जाणे). डिकी उघडली की दिव्याच्या आतल्या कडेला दोन स्क्रू दिसतात. ते काढले की दिवा हातात येतो, का अजून कुठे अडकलेला असतो? उगाच काही मोडायला नको.

---

इकोवाला_मुरार

ताई, काही नाही त्यात. दोन स्क्रू काढा, दिवा ओढा, बल्ब फिरवून काढा, नवा लावा, झालं. मी माझ्या इकोचा पेट्रोल पंपावर उभ्या उभ्या बदललाय, मागचा माणूस हॉर्न मारेपर्यंत काम संपलं होतं. आणि साधा बल्ब कशाला, एलईडी टाका. ऑनलाइन जोडी मिळते, जन्माची कटकट मिटेल.

---

मलानपूरचा म्हातारा

ताई, दिवा न उघडता ज्याला 'आतून जळलंय' हे दिसतं त्याने पत्रिका बघायचं दुकान टाकावं. त्याला विसरा.

उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. त्या बल्बमध्ये तारा दोन असतात. एक ५ वॉटची, ती हेडलाइट किंवा पार्किंग लावलं की पेटते, तोच टेल लाइट. दुसरी २१ वॉटची, ती ब्रेक दाबला की पेटते. काच एकच, बूड एकच, पण तारा वेगळ्या आणि दोघींचं आयुष्यही वेगळं. तुमची एकवीसची गेली, पाचची शाबूत आहे. हा बिघाड मला सगळ्यात वाईट वाटतो तो यासाठीच. दिवा साफ गेला असता तर घरातल्या कुणाच्या तरी नजरेला अंधार आला असता. इथे दिवा दिसतो, माणूस निर्धास्त राहतो आणि मागच्या ट्रकला काही कळत नाही.

आता दोष बल्बचाच कशावरून? उजवा आणि वरचा लागतोय. फ्यूज आणि पेडलजवळचा स्विच या तिघांत सामायिक असतात, म्हणजे ते ठीक आहेत. उरला डाव्या कोपऱ्यापुरता मामला: बल्ब, होल्डर, अर्थिंग, नाहीतर तिथवर येणारी वायर. अर्थिंग गेली असती तर खेळ वेगळाच दिसला असता. ब्रेक दाबला की त्या बाजूचा इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेल लाइट त्याच्या तालावर लुकलुकतो. करंटला परतीची सरळ वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या तारेतून उलटा शिरतो. मी मलानपूरला कारखान्यात मेंटेनन्सला होतो तेव्हा फोर्कलिफ्टचे असले चमत्कार बघून नवी पोरं लिंबू-मिरची बांधायच्या गोष्टी करत. तुमचा टेल लाइट पूर्ण उजेडाने लागतोय, तेव्हा आधी बल्बच बघा.

इकोवाले म्हणतात ते खोटं नाही, काम छोटंच आहे. पण एर्टिगाचा दिवा ओढायची एक रीत आहे, आणि मोडतोड होते ती तिथेच.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चावी काढून ठेवा. नुकतीच फिरवून आणली असेल तर थोडं थांबा, ब्रेकचा बल्ब चांगला चटका देतो. बंपरवर जुना टॉवेल पसरा आणि त्याची एक कड दिवा आणि बंपर यांच्यामधल्या फटीत नीट कोंबून घ्या. हे टाळू नका. स्क्रू निसटला तर तो बरोबर त्या फटीतून बंपरच्या पोटात जातो, आणि मग पाच मिनिटांच्या कामासाठी बंपर उतरवायची पाळी येते.

पेचकस स्क्रूच्या डोक्यात घट्ट बसेल असा घ्या. बारीक घेतला तर फुलीचे कोपरे झिजतात आणि स्क्रू कायमचा बसतो. जुन्या गाडीत तो जाम असू शकतो. आधी अंगाचं वजन टाकून पेचकस दाबा, मग फिरवा. फिरवायला लागल्यावर जोर वाढवला तर पेचकस उसळतो आणि रंगावर ओरखडा येतो.

दोन्ही स्क्रू निघाले तरी दिवा जागचा हलणार नाही. मग लोक काय करतात, आतल्या कडेत पेचकस घालून दिवा बाहेरच्या बाजूला उचकटतात. तसं अजिबात करू नका. बाहेरच्या कडेला, पत्र्याच्या बाजूला, प्लास्टिकच्या खुंट्या पत्र्यातल्या भोकांत घट्ट बसवलेल्या असतात. आडवा जोर लावला की त्या मुळापासून तुटतात, मग दिवा आयुष्यभर खडखडतो आणि आत पाणी जातं. दोन्ही हातांनी दिवा वर-खाली धरायचा, जरा हलवायचा आणि सरळ मागे ओढायचा, गाडीच्या लांबीच्या रेषेत. टक् आवाज करून सुटतो. खुंटी तुटल्यासारखा वाटतो तो आवाज, पण घाबरू नका.

अजून एक. सकाळच्या गारठ्यात हे करू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्या उन्हात वर्षानुवर्षं भाजलेलं प्लास्टिक कडक झालेलं असतं, आणि थंडीत ते आणखी ठिसूळ होतं. दुपारी ऊन पडू द्या, गाडीची पाठ उन्हात लावा, मग हात घाला.

दिवा सुटला की वायरवर लोंबकळू देऊ नका, टॉवेलवर आडवा ठेवा. मागे वेगवेगळे होल्डर दिसतील. कुठला ब्रेकचा हे ओळखायला कुणाला तरी हेडलाइट लावायला सांगा. जो लाल पेटतो तो आपला. दिवे बंद करा, होल्डर डावीकडे पाव फेरा फिरवा, बाहेर येईल. त्यातला बल्ब आत दाबायचा, दाबलेला असतानाच डावीकडे फिरवायचा आणि सोडायचा. आतल्या स्प्रिंगनेच वर येतो. काचेला फडकं गुंडाळा, जुनी काच कधीकधी बुडापासून निखळते.

तो बल्ब उजेडात धरून बघा, मला त्यातच सगळी गंमत वाटते. जाड तार मधे तुटून लोंबत असेल आणि काच आतून काळसर-चंदेरी झाली असेल, तर वयाने गेला. तारेचा टंगस्टन झिजत झिजत काचेवर बसतो, तो रंग त्याचा. काच आतून दुधासारखी पांढरी दिसली तर बल्बला तडा जाऊन हवा शिरली होती. तसं असेल तर दिव्याच्या आत पाणी येतंय का ते बघा, कारण तापलेल्या काचेवर थेंब पडला की तडा जातोच.

दुकानात तोच बल्ब घेऊन जा. तोंडी काही सांगत बसू नका. मागायचाच झाला तर बारा व्होल्ट, एकवीस-पाच वॉट. खोक्यावर पी २१/५ डब्ल्यू असं असतं. फिलिप्स, ऑसराम, ल्युमॅक्स, कुठलाही नामांकित चालेल, फार महाग नसतो. दोन घ्या, पण एलईडी नको.

---

दौलतगंजची मावशी

काकांनी सगळं सांगितलंच आहे. एकट्या बाईला घरी तपासता कसं येईल तेवढं मी सांगते, दर वेळी मुलगा कुठून आणणार.

दिवेलागणीला गाडी उलटी घेऊन भिंतीच्या किंवा शटरच्या हातभर अंतरावर आणायची. पेडल दाबलं की आरशातून भिंतीवर दोन लाल डाग दिसतात, डावा आणि उजवा. एक डाग नसला की समजायचं. दिवसा करायचं असेल तर मोबाइल तुळशीवृंदावनाला टेकवून व्हिडिओ चालू करायचा, आत बसून ब्रेक, डावा इंडिकेटर, उजवा, रिव्हर्स असं एकेक करायचं आणि मग उतरून बघायचं. आमचे हे छत्री लावतात. सीट पुढे घेऊन छत्रीचं टोक पेडलवर आणि मूठ सीटला टेकवून पेडल दाबलेलं ठेवायचं. छत्री त्यात वाकली ती वाकलीच.

आमचीही सातसीटर आहे, पण नवीन, २०१८ नंतर आलेल्या मॉडेलची. तिचे मागचे दिवे एलईडीचेच आहेत. त्यात बल्ब बदलायचा प्रश्न येत नाही, गेला तर पूर्ण दिवाच. तेव्हा तुमची जुनी गाडी या बाबतीत सुखाची.

---

सातसीटरवाली (ठाटीपूर, ग्वाल्हेर)

काका, तुम्ही म्हणालात तसंच सगळं झालं. टॉवेल कोंबला होता म्हणून वाचले, दुसरा स्क्रू हातातून सुटून बरोबर त्या फटीवरच पडला. दिवा सरळ मागे ओढला, टक् झालं, काही तुटलं नाही. बल्बमधली जाड तार मधे तुटलेली, बारीक तार जशीच्या तशी. काच वरच्या बाजूला काळी. म्हणजे वयाने गेला!

पण आता अडले आहे. जुना बल्ब घरीच राहिला आणि भाचा जाऊन पडावजवळच्या दुकानातून बल्ब घेऊन आला. त्याला 'ब्रेक लाइट का बल्ब, बारा वोल्ट' असं सांगून पाठवलं होतं. आणलेला होल्डरमध्ये बसत नाही. अर्धा आत जातो आणि फिरत नाही. दोन्ही शेजारी ठेवून बघितले. जुन्याच्या पितळी बुडाला दोन बाजूंना दोन खुंट्या आहेत, त्यातली एक थोडी वर आणि एक थोडी खाली. नव्याच्या दोन्ही एकाच पातळीवर. जुन्याच्या तळाला शिशाचे दोन ठिपके, नव्याच्या तळाला मधोमध एकच. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "दीदी, थोड़ा दबा के घुमाओ, बैठ जाएगा." दाबू का?

होल्डरबद्दलही विचारायचं होतं. आतला एक पत्र्याचा तुकडा काळपट झालाय आणि त्याच्या बाजूचं प्लास्टिक जरा तपकिरी दिसतंय. तो तसाच ठेवला तर चालेल?

---

मलानपूरचा म्हातारा

दाबू नका! दुकानदाराने तुम्हाला एका तारेचा बल्ब दिलाय, नुसता २१ वॉटचा. तो रिव्हर्सला किंवा जुन्या गाड्यांच्या इंडिकेटरला लागतो. तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून बघितलेत, इतकं दुकानात कुणी करत नाही.

खुंट्या वर-खाली असतात त्या बल्ब उलटा बसू नये म्हणूनच. उलटा बसला असता तर तारांची अदलाबदल झाली असती: रात्रभर एकवीस वॉट जळत राहिला असता आणि ब्रेक दाबल्यावर पाच वॉट पेटला असता, मागच्याला फरकच दिसला नसता. आणि हा एका ठिपक्याचा बल्ब कुणी हाणून-ठोकून बसवला तर तो मधला ठिपका होल्डरच्या आतल्या दोन्ही पत्र्याच्या पत्त्यांना एकदम टेकतो. ब्रेकची आणि पार्किंगची वायर एकमेकींना जोडली जाते. मग दिवसाढवळ्या ब्रेक दाबला की पुढचे पार्किंग दिवे आणि मीटरचा उजेडसुद्धा लागतो, आणि रात्री हेडलाइट लावले की ब्रेक लाइट कायमचे पेटलेले. अशी गाडी तुम्हीही कधी पाहिली असेल. लोकांना वाटतं ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतो.

नारिंगी काचेचा बल्ब मिळाला तर तोही नको, त्याच्या खुंट्या समोरासमोर नसून थोड्या तिरक्या असतात. भाच्याला जुना बल्ब खिशात देऊन परत पाठवा. तळाला दोन ठिपके आणि वर-खाली खुंट्या, हे बघूनच पैसे द्यायचे.

होल्डरचं बरं विचारलंत. काळपट पत्ती म्हणजे तिथे बल्ब सैल टेकत होता. सैल टेकलं की सांधा तापतो, तापला की काळा पडतो, काळा पडला की आणखी तापतो. एकवीस वॉट म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट, इतक्याने प्लास्टिक तपकिरी व्हायला वेळ लागत नाही. नुसता बल्ब बदलून तो दोष जात नाही, नवा बल्ब लवकर जातो किंवा एखाद्या खड्ड्यात लुकलुकतो, आणि मग 'आजकालचे बल्बच खराब' म्हणून आपण मोकळे होतो.

बारीक घासकागदाची चिंचोळी पट्टी कापा, पेन्सिलीच्या टोकाला गुंडाळा आणि पत्तीचं तोंड चकचकीत होईपर्यंत घासा. भुकटी फुंकून टाका. बुडाच्या बाजूला जी अर्थिंगची पत्ती टेकते तिलाही एक हात फिरवा, तिला सगळे विसरतात. पत्ती बसकी झाली असेल तर लहान पेचकसाने किंचित वर उचला, नख घालण्याइतकीच, जास्त वाकवली तर तुटेल. प्लास्टिक नुसतं तपकिरी असेल तर चालू द्या. वितळून आकार बिघडला असेल, बल्ब बसल्यावर डुलत असेल, तर होल्डर बदला. त्यासाठी पूर्ण दिवा घ्यायची गरज पडू नये. आधी सुटा होल्डर मागा, आणि नसेलच तर भंगारातल्या गाडीचा चांगल्या अवस्थेतला दिवा शोधा.

मल्टिमीटर चालतोय का हे बघायचं असेल तर नव्या बल्बवर बघा. एक टोक पितळी बुडाला, दुसरं आळीपाळीने दोन्ही ठिपक्यांना. एका ठिपक्यावर एक ओहमसुद्धा नाही, दुसऱ्यावर दोन-तीन, असं काहीतरी दिसेल. हिशेब करणाऱ्याला हे आकडे फार कमी वाटतात. पण थंड तारेचा रेझिस्टन्स पेटलेल्या तारेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढाच असतो, मीटरवर अविश्वास दाखवू नका.

---

इकोवाला_मुरार

काका, सगळं मान्य. पण एलईडीला तुमचा विरोध का ते नाही सांगितलंत. मी दोन्ही बाजूंना एलईडी टाकलेत, मस्त झगझगीत दिसतात, तापत नाहीत, करंट कमी खातात.

---

मलानपूरचा म्हातारा

कंपनीने एलईडीसाठीच बनवलेल्या दिव्याला माझा विरोध नाही, मावशींच्या गाडीत आहे तसा. ते दिवे तापलेल्या तारेपेक्षा लवकर पेटतातही, मागच्याला क्षणभर आधी कळतं. माझं भांडण आहे ते तारेच्या दिव्यात एलईडीचा बल्ब खुपसण्याशी.

त्या दिव्याचा आरसा तारेच्या जागेचा हिशेब करून घडवलेला असतो. तार बरोबर एका बिंदूवर असते आणि तिथून प्रकाश चहूकडे पसरतो. बाजारातल्या एलईडी बल्बवर दाण्यांची रांग असते, ती त्या बिंदूवर असेलच असं नाही. मग थेट मागून बघितलं तर डोळे दिपतात आणि दोन पावलं बाजूला सरकलं की दिवा मंद. दुसरं, टेल आणि ब्रेक यांच्यातला फरक. पाच वॉट आणि एकवीस वॉट यात जो ढळढळीत फरक दिसतो तो स्वस्त एलईडीत पुष्कळदा राहत नाही. रात्री तुमची गाडी सतत झगझगीत, ब्रेक दाबल्यावर जरा जास्त झगझगीत. मागच्याने काय समजायचं? आणि पांढरा एलईडी लाल काचेमागे गुलाबीसर दिसतो. नियमाने मागे लालच दिवा हवा.

तुमच्या इकोचं एकदा करून बघा. रात्री कुणाला तरी ब्रेकवर बसवा आणि मागे पन्नास पावलांवर उभे राहा, मग थोडं डावीकडे सरका. फरक चटकन कळला तर माझं सोडून द्या.

---

इकोवाला_मुरार

बघितलं काका. थेट मागून ठीक. बाजूने टेल आणि ब्रेक सारखेच वाटतात, माझ्या भावाला तर दोनदा विचारावं लागलं की "दाबलंय का?" जुने बल्ब कुठे ठेवलेत ते शोधतोय.

---

सातसीटरवाली (ठाटीपूर, ग्वाल्हेर)

झालं! भाचा जुना बल्ब घेऊन गेला आणि बरोबर दोन ठिपक्यांचे दोन बल्ब घेऊन आला, चाळीस रुपयांना एक. पत्त्या घासल्या, अगदी सोन्यासारख्या निघाल्या. बल्ब एकाच बाजूने गेला, खुंटी जिथे बसायला हवी तिथे खट् बसली. दिवा लावायच्या आधीच नुसत्या होल्डरवर तपासून घेतलं: हेडलाइट, ब्रेक, दोन्ही एकदम. सगळं लागतंय. मग खुंट्या भोकांवर धरून तळव्याने दाबलं, दिवा बसला. स्क्रू हाताने सुरू केले आणि शेवटचा अर्धा फेराच पेचकसाने दिला. सासूबाई मागे उभ्या राहून "लागला, विझला, लागला" असं ओरडत होत्या, शेजारचे गच्चीवर आले.

आता दोन शंका. नवा डावा बल्ब उजव्यापेक्षा जास्त उजळ दिसतोय, चालेल का? आणि धुक्यात सगळे चारही इंडिकेटर लावून चालवतात, मीही तसंच करू का?

---

मलानपूरचा म्हातारा

शाबास. दिवा परत लावण्याआधी तपासायचं ते मी लिहायला विसरलो होतो, तुम्ही आपणहून केलंत.

डावा उजळ झालेला नाही, उजवा मंद झालाय. दोन्ही बल्ब एकाच वयाचे, एकाच वेळी पेटणारे, त्यामुळे उजव्याची काचही काळवंडली असणार. तुमच्याकडे दुसरा बल्ब आहे, तोच तिकडे लावा. पत्त्या तिकडच्याही घासा. निघालेला उजवा बल्ब फेकू नका, कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, पेचकसासकट. रस्त्यात अडचण आली तर मंद बल्बही नसण्यापेक्षा बरा.

चारही इंडिकेटर लावून चालवणं मला पटत नाही. ते उभ्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीने लावले की तुम्ही लेन कधी बदलताय हे मागच्याला कळायचा मार्गच राहत नाही, आणि रस्त्यात खरोखर कुणी बंद पडून उभं असेल तर तेही इतरांसारखंच दिसतं. हेडलाइट लो बीमवर ठेवा म्हणजे टेल लाइट आपोआप लागतात. नुसत्या पार्किंगवर चालवू नका, आणि हाय बीम तर नाहीच, समोर पांढरी भिंत उभी राहते. थांबायचं असेल तर एकदम दाबण्याआधी ब्रेकला दोनदा हलका पाय लावा. मागच्या ट्रकवाल्याला तुमची गाडी दिसत नाही, त्याला फक्त ते लाल ठिपके दिसतात, आणि ते पेटले-विझले की तो जागा होतो.

बारसं बहुतेक दुपारच्या जेवणाचं असेल. पहाटे कशाला निघता? ऊन पडल्यावर निघा. आग्रा सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे, मुरैनात गजक घ्यायला थांबलात तरी वेळेत पोचाल.

---

सातसीटरवाली (ठाटीपूर, ग्वाल्हेर)

उजवाही बदलला, आता दोन्ही सारखे. नणंदेला फोन करून सांगितलं, साडेनऊच्या आधी निघणार नाही. सासूबाईंनाही पटलं, गजकचं ऐकून जास्त पटलं. सगळ्यांचे आभार.

---

इनोव्हा_कंपू

याच धाग्यात विचारतो, वेगळा उघडत नाही. माझ्या इनोव्हाचे तिन्ही ब्रेक लाइट एकदम बंद. टेल लाइट दोन्ही बाजूंचे लागतात. तीन-तीन बल्ब एकाच वेळी कसे जातील? आणावेत का तिन्ही?

---

मलानपूरचा म्हातारा

एकही आणू नका. तिन्ही एकदम गेले म्हणजे दोष बल्बच्या अलीकडे आहे. आधी फ्यूज बघा, फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या नकाशात 'स्टॉप' लिहिलेला. तो उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा लावा, जास्तीचा नाही. लगेच परत उडाला तर कुठेतरी वायर पत्र्याला घासून शॉर्ट होतेय, मग इलेक्ट्रिशियन गाठा.

फ्यूज चांगला असेल तर ब्रेक पेडलच्या वर, दांड्याजवळ एक लहान स्विच असतो. पेडल वर असताना दांडा त्याचं बटण दाबून धरतो, पाय दिला की बटण बाहेर येतं आणि दिवे लागतात. टॉर्च घेऊन पेडलखाली डोकं घाला आणि एका हाताने पेडल हलवत ते बटण बाहेर येतंय का बघा. आतच अडकलं असेल किंवा स्विचचा कनेक्टर निसटला असेल तर सापडलं दुखणं. पेडल आणि बटण यांच्यामध्ये रबराची किंवा प्लास्टिकची छोटी टोपी असते, ती झिजून पडली की उलटं होतं: दिवे दिवसरात्र लागून राहतात आणि सकाळी बॅटरी बसलेली मिळते. तुमचं तसं नाही, पण खाली बसलाच आहात तर तीही बघून घ्या.

दुरुस्त होईपर्यंत गाडी हायवेवर नेऊ नका. फ्यूज बघितल्यावर इथेच लिहा.